चव कोणाची : जिभेची की नाकाची?

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या मनीषनगरातल्या शेजारच्या आजी तापातून उठल्या आणि त्यांच्या घरात वरणावरून कुरबूर सुरू झाली. वरण रोज खारट. आजींचे म्हणणे, "मला तर अळणीच लागतं बाई!" एक दिवस दूध करपले. वास जिन्यापर्यंत आला. आजी मात्र शेगडीपासून दोन हातांवर सांभार निवडीत बसलेल्या. "माझ्या हाताची चवच गेली," म्हणून त्या रडल्या.

दोष हाताचा नव्हता, जिभेचाही फारसा नव्हता. नाक रुसले होते.

आपली जीभ तशी अल्पशिक्षित. गोड, आंबट, खारट, कडू एवढे तिला कळते. शिवाय टोमॅटोत, मांसाच्या रश्श्यात असणारी पाचवी चव, उमामी. ती किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ओळखली. आणि तिखट? आम्हा नागपूरकरांना कबूल करणे जड जाते, पण तिखट ही चवच नव्हे. मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवते आणि तोंड भाजल्याचा भास होतो. म्हणून तर सर्दीत सारे फिके लागले तरी सावजी रस्सा झोंबतोच! त्यावर पाणी व्यर्थ, दही खावे.

बाकी सारी शोभा नाकाची. घरी करून पाहा. नाक चिमटीत धरून संत्रा बर्फीचा तुकडा तोंडात टाका. नुसते गोड लागेल. संत्रे की आंबा, सांगता यायचे नाही. आता चिमूट सोडा. संत्रे एकदम हजर! घास चावताना त्याचा वास घशामागच्या वाटेने नाकात चढतो. तिथे, नाकाच्या छताशी, वास टिपणाऱ्या मज्जापेशी असतात आणि त्यांच्यावर सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी या ग्राहकांचा शोध १९९१ मध्ये लावला; २००४ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. पेटीच्या मोजक्या पट्ट्यांतून असंख्य चाली निघतात ना, तसेच हे. मेंदू मात्र हा वास तोंडातलाच समजतो आणि श्रेय जिभेला देऊन टाकतो.

करोनाचा विषाणू मुख्यत्वे या मज्जापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घाला घालतो. वासाच्या पेशी पुन्हा नव्याने उगवू शकतात, ही त्यातली आशा. डॉक्टरांनी आजींना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितले. एकेक वास वीसेक सेकंद, मन लावून, कित्येक महिने. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. तोवर मीठ चमच्याने मोजून घालायचे. आणि गॅस! त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात. ते हुंगणारे नाकच निजले तर? रात्री रेग्युलेटर बंद आहे ना, हे सूनबाई पाहू लागल्या.

पहिला परतला तो चहाचा वास, तोही जळक्या रबरासारखा. आजी घाबरल्या; डॉक्टर म्हणाले, हे सुधारण्याचेही लक्षण असते. दिवाळीच्या सुमारास त्या जिन्यात थांबल्या, हवा हुंगली आणि मला म्हणाल्या, "तुमच्याकडे अनारसे तळताहेत ना?"

आमच्याकडे चकल्या चालल्या होत्या.