पाणी आणणाऱ्याची पिवळी जर्सी

१९५२ची टूर द फ्रान्स कुणी जिंकली, असं विचारलं की सायकलशर्यतींचा नाद असलेला माणूस पटकन सांगतो, फाउस्तो कोप्पी. किती फरकानं, तेही पाठ असतं : २८ मिनिटं १७ सेकंद. कोप्पीच्याच इटालियन संघातला आंद्रेआ कारेया कोण, असं विचारा, की सगळे गप्प. हे बरं नाही, श्रोतेहो. कोप्पी एकटा जिंकलेला नाही.

कारेया १९२४चा, पिएमाँत प्रांतातल्या गावी नावाच्या गावचा. कोप्पीचं कास्तेल्लानियाही त्याच मुलखात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबलं होतं, तिथून तो जिवंत परतला. पुढे नोवी लिगुरेच्या काव्हान्ना या अंध मालिशवाल्याच्या हाताखाली तो तयार झाला आणि बिआंकी या सायकल कंपनीच्या संघात कोप्पीसाठी सायकल मारू लागला. स्वतःसाठी नव्हे, कोप्पीसाठी.

अशा स्वाराला इटलीत ग्रेगारिओ म्हणतात. पंगतीतला वाढपीच तो. कुणाच्या पानातलं वरण संपलं, कुणाला पाणी हवं, सगळीकडे त्याचं लक्ष. स्वतः जेवणार शेवटच्या पंगतीला, आणि तोवर जिलबी उरली तर उरली. त्या काळी ग्रेगारिओनं रस्त्याकडेच्या नळावर, नाहीतर कॅफेत शिरून बाटल्या भरायच्या आणि ऊर फुटेस्तोवर पायडल मारत पुन्हा नायकाला गाठायचं. नायकाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. वारा समोरून असला की पुढे राहून तो अंगावर घ्यायचा, कारण मागच्याचे कष्ट त्यानं बरेच वाचतात. डोंगर येईपर्यंत कोप्पीच्या पायांत ताकद शिल्लक राहायची ती अशी. एकटा जिंकला म्हणणाऱ्यांनी या वाचलेल्या ताकदीचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा ते सांगावं.

आता ३ जुलै १९५२. म्युलूज ते लोझान हा टप्पा. काही स्वार पुढे निसटले आणि कारेया त्यांच्यात सामील झाला. हेतू एवढाच की त्यांच्यावर कोप्पीच्या वतीनं नजर ठेवावी. मागचा जथा काही हलला नाही, अंतर मिनिटामिनिटानं वाढत गेलं. टप्पा डिगेलमान या स्विस स्वारानं मारला, पण एकूण वेळेत सर्वांत पुढे निघाला कारेया! एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याची. गंमत म्हणजे ती आदल्या दिवशी होती फिओरेन्झो मान्यीकडे, म्हणजे इटालियन संघातच.

समजा, भर लग्नात त्या वाढप्याचा हात धरून कुणी त्याला नवरदेवाच्या पाटावर बसवलं, तर? कारेयाचं अगदी तेच झालं. अधिकारी त्याला शोधत आले तेव्हा कुठे त्याला बातमी कळली, आणि तो रडू लागला. आनंदानं नव्हे, भीतीनं. कोप्पी काय म्हणेल? कोप्पी आल्यावर त्यानं माफीच मागितली. कोप्पीनं उलट त्याचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी लोझान ते आल्प द्युएझ, २६६ किलोमीटर. टूर या घाटमाथ्यावर पहिल्यांदाच चढत होती. कोप्पीनं फ्रेंच स्वार रोबिकला मागे टाकलं, टप्पा जिंकला आणि जर्सी घेतली. पाट ज्याचा त्याला मिळाला, वाढपी पुन्हा बाटल्या भरायला गेला. आता आकडा ऐका : त्या संध्याकाळी एकूण वेळेत कोप्पीच्या मागे दुसरा होता कारेयाच, फक्त ५ सेकंदांनी. नुसता पाणक्या असता तर त्या चढावर इतका टिकला असता का?



कोप्पी १९६० साली चाळिशीतच मलेरियानं गेला. कारेया २०१३पर्यंत जगला. टूरचा एकही टप्पा त्याच्या नावावर नाही. १९५२चा निकाल कधी हाती आला, तर पहिल्या नावावर थांबू नका. चौथा बार्ताली, जो स्वतः दोनदा टूर जिंकलेला, सहावा मान्यी, आणि नववा आंद्रेआ कारेया. तिथपर्यंत वाचा.