प्रीतिसंगमावरचे ऋण

यशवंतराव चव्हाण यांचे २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. तिथे दोन्ही नद्या समोरासमोरून येतात, एकमेकींना भिडतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात. दरवर्षी २५ नोव्हेंबरला या काठावर स्मृतिदिन पाळला जातो. विधी साधाच असतो: फुले वाहायची, हात जोडायचे, घटकाभर बसायचे. बारामतीहून तिथे जाणाऱ्यांत पहिले नाव शरद पवार यांचे. यशवंतरावांना ते आपले राजकीय गुरू मानतात. १९६७ साली सव्विसाव्या वर्षी ते बारामतीतून विधानसभेवर निवडून आले, त्या उमेदवारीच्या पाठीशी यशवंतराव उभे होते.

यशवंतराव स्वतःही गुरूंच्या हाताखालूनच घडले. शाळकरी वयातच स्वातंत्र्यलढ्यात पडून ते तुरुंगात गेले आणि तिथे त्यांना आचार्य भागवतांसारखे शिक्षक लाभले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले. पण दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर रॉय यांची भूमिका पटेना, तेव्हा ती वाट त्यांनी सोडली. वाट सोडली तरी त्या वाटेवर जोडलेली माणसे त्यांनी तोडली नाहीत. रॉयवादी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना त्यांनी १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद दिले.

त्यांच्या विचाराला मुख्यमंत्रिपदाच्या काळात कायद्याचे आणि संस्थांचे रूप आले. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि गावचा रस्ता, शाळा, दवाखाना यांविषयीचे निर्णय तालुक्याच्या जवळ आले. त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ उभे राहिले. सर्वांत खोलवर पोचली ती मात्र ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीची, सवलत. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली. उत्पन्नाचा दाखला काढायचा, फॉर्मला जोडायचा आणि शाळेच्या खिडकीत द्यायचा. एवढ्या कागदावर कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर अकरावीच्या पुढे गेले.

गुरूचे देणे फेडण्याची रीत बारामतीत संस्था उभारण्याची राहिली. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, शेतीच्या प्रयोगांसाठी कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. इंदापुरात तिथले नेते शंकरराव पाटील यांची आठवण बिजवडीच्या सहकारी साखर कारखान्याने आपल्या नावातच जपली आहे. यशवंतरावांच्या मागे १९८५ मध्ये मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९८९ मध्ये नाशिकचे मुक्त विद्यापीठ त्यांच्या नावाने सुरू झाले. परिस्थितीने ज्यांचे शिक्षण सुटले, त्यांच्यासाठी हे विद्यापीठ आहे. ईबीसीच्या कर्त्याचे याहून शोभणारे स्मारक सांगता येणार नाही.

या नात्यात मतभेदही होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी यशवंतराव इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये परतले. पवार १९८६ पर्यंत वेगळ्या काँग्रेसमध्ये राहिले. रॉय यांच्याबाबत यशवंतरावांनी जे केले, तेच त्यांच्या शिष्याने त्यांच्याबाबत केले. गुरुऋण मात्र दोघांनीही नाकारले नाही. जुलै २०२३ मध्ये पवारांच्या पक्षात फूट पडली. दुसऱ्याच दिवशी गुरुपौर्णिमा होती आणि त्या दिवशी ते प्रीतिसंगमावर गेले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेचा निकाल लागून दोनच दिवस झाले असताना, पक्षाच्या दोन्ही गटांचे नेते त्याच समाधीवर आले. अजित पवार समोर येताच विरोधी गटातले पुतणे रोहित पवार त्यांच्या पाया पडले. स्मृतिदिनाने भांडण मिटत नाही. पण आपण सारे कोणाचे देणे लागतो, हे त्या दिवशी भांडणाऱ्यांनाही आठवते.

गुरूचे देणे असे आठवत राहणे या मुलखाला नवे नाही. तुकोबांच्या पादुकांची पालखी १६८५ पासून निघते. बारामती, सणसर, बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी आणि इंदापूर असे टप्पे घेत ती पंढरीची वाट चालते. इथे पादुका देव्हाऱ्यात बसून राहत नाहीत. त्यांच्याबरोबर मैलोन्‌मैल चालावे लागते.

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बारामती-इंदापूरच्या स्नातकांपैकी अनेकांच्या घरातली ही पहिलीच पदवी असेल. तिच्यामागे कुठले तरी गुरुजी, बाई किंवा सर असतात. त्यांचे सगळे पटलेच पाहिजे असे नाही, न पटलेले त्यांच्या तोंडावर सांगायलाही हरकत नाही. त्यांच्या पुण्यतिथीला हार जरूर न्यावा. सोबत हिशेबही न्यावा: त्यांच्याकडून जे घेतले, ते पुढे कोणाला दिले? आणि पहिल्या पगारापासून, जमेल तितकी का होईना, एखाद्या मुलाची फी भरावी.