अडथळ्यांच्या वाटेवरील धावपटू

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या तालुका शिबिरात केलेले भाषण)



बीड जिल्ह्याचे नाव निघाले की पावसाची ओढ आणि ऊसतोडणीसाठी दरसाल घर सोडणारी कुटुंबे यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. त्याच जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तेथे १९९४ साली जन्मलेले धावपटू अविनाश साबळे यांच्या क्रीडाजीवनाविषयी मी आज बोलणार आहे. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाही. तेव्हा मुलगा कधी चालत, कधी धावत शाळा गाठीत असे. त्याच्या हजेरीची नोंद झाली, धावण्याची मात्र झाली नाही.

बारावीनंतर ते सैन्यात गेले ते घराला आधार व्हावा म्हणून, खेळासाठी नव्हे. महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत असताना त्यांनी सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानचे वाळवंट पाहिले, सिक्कीमही पाहिले. सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत ते उतरले २०१५ साली, म्हणजे वयाच्या विशीनंतर. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळविले.

ही शर्यत आपल्याकडे फारशी परिचित नाही, म्हणून थोडे सांगतो. अंतर तीन हजार मीटर. वाटेत अठ्ठावीस वेळा अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा पार करावयाचा असतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. साध्या अडथळा शर्यतीतील चौकट पायाचा धक्का लागताच पडते. येथील जाड तुळई मात्र हलत नाही, पडतो तो धावणारा. दमलेल्या पायांनी पस्तीस वेळा उडी मारूनही गती राखावयाची, हे या शर्यतीचे मर्म होय.

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदविलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक सदतीस वर्षे अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी तो ८ मिनिटे २९.८० सेकंदांवर आणला आणि नंतर स्वतःचाच उच्चांक ते पुनःपुन्हा मोडीत राहिले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत त्यांची वेळ ८ मिनिटे ०९.९१ सेकंद होती. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंदांची ही प्रगती. मैदानावर मोजली तर २०१८ चे साबळे २०२४ च्या साबळ्यांच्या शंभर मीटरहून अधिक मागे राहिले असते. दरम्यान २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्यांनी १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली, आणि २०२२ मध्ये पाच हजार मीटरचा बहादुर प्रसाद यांचा तीस वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय उच्चांकही मागे टाकला.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल शर्यत. १९९८ पासून या शर्यतीतील एकही पदक केनियाबाहेर गेले नव्हते. अब्राहम किबिवोत यांनी ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. साबळे यांची वेळ होती ११.२०. पाच शतांश सेकंद म्हणजे धावण्याच्या त्या गतीने जेमतेम एक फूट! रौप्यपदकाचे दुःख करावे की केनियाची ती अभेद्य रांग मोडल्याचा आनंद मानावा, हे ज्याने त्याने ठरवावे. मी आनंद मानला.

यशाची ही वाट सरळ नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ते प्राथमिक फेरीतच बाद झाले. सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबर रोजी, हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक मिळविले आणि पुढे पाच हजार मीटरमध्ये रौप्यपदकही.

आता आपल्याकडे वळतो. या धावपटूला शोधले ते पलटणीने. शाळेने नाही, पंचायतीने नाही, आणि क्रीडा खात्यानेही नाही. गावात सैन्यभरतीची चाल आहे म्हणून मुलाला ती वाट सापडली. मुलींना अशी पलटण कोठे आहे? साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ येथे याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक केला. दोघेही पर्जन्यछायेच्या तालुक्यांतील, हा निव्वळ योगायोग मानावयास मी तयार नाही. पदक आल्यावर सत्कार करणे सोपे आहे. वर्षातून दोनदा सातवी-आठवीच्या मुलामुलींना मैलभर धावावयास लावून घड्याळात वेळ टिपणे, ती वही पुढच्या शिक्षकाच्या हाती सोपविणे, एवढे तर प्रत्येक शाळेला करता येईल. त्यास निधी लागत नाही. शाळेचे मैदान मात्र लागते, आणि ते इतर कामांसाठी देताना पंचायतीने दहादा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत साबळे अकरावे आले. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्यांनी आशियाई अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर जुलैमध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून गुडघ्याला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील तोक्योच्या जागतिक स्पर्धेस ते मुकले.