कडू नारंगीची साल आणि गव्हाची बिअर

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजचा विषय कळल्यापासून आमची चेष्टा चालली आहे. कापूस-ज्वारीच्या बैठकीत बिअर कुठून आली? मायबहिणींना आधीच सांगतो, दारूचा प्रचार करायला आम्ही उभे नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, ती का आली हे इथं बसलेल्या बायांना आम्ही सांगायची गरज नाही. पण बिअर शेतमालापासून होते. धान्य, हॉप नावाच्या वेलीची फुलं, यीस्ट आणि पाणी. अर्धा लिटर बिअरला धान्य लागतं साधारण 100 ग्रॅम. पुण्या-मुंबईत आता हॉटेलातल्या हॉटेलात लहान भट्टी लावून संत्र्या-लिंबाच्या वासाची बिअर करतात. तिच्या एका पेल्याच्या पैशात काही किलो ज्वारी येते. 100 ग्रॅम धान्याची ही किंमत होते कशी, हे पाहण्यासारखं आहे.

आम्ही ती बिअर प्यायलो आहोत आणि आम्हाला ती आवडली, हे लपवत नाही. दिसायला गढूळ, पेजेवरच्या पाण्यासारखी फिकट. वर पांढराशुभ्र फेस. पेला तोंडाशी नेताना आधी वास येतो, संत्रं सोलल्यावर बोटांना राहतो तसा. मग चव. आंबटसर, हलकी, मागून किंचित कडू, आणि अगदी शेवटी धन्याची चाहूल. धने म्हणजे आपले फोडणीतले धनेच, दुसरं काही नाही. बर्फासारखी गार करून प्यायली तर यातलं काहीच कळत नाही. गटागट पिणाऱ्यालाही कळत नाही, त्याचे पैसेही गेले आणि वासही.

हा वास रसाचा नाही, हे आधी समजून घ्या. लहानपणी सगळ्यांनी संत्र्याची साल दाबून दुसऱ्याच्या डोळ्यांत पिचकारी मारली आहे. ती पिचकारी म्हणजे तेल. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, त्यात लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. बिअरमध्ये रस ओतला तर त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे नुसता आंबटपणा उरतो. सालीचं तेल मात्र यीस्ट खात नाही. म्हणून जुने कसबी लोक साल टाकत. तीसुद्धा उकळीच्या अगदी शेवटी, कारण तेल वाफेबरोबर उडून जातं. चहात वेलची आपण शेवटी टाकतो, तसंच. सालीच्या आतला पांढरा थर जास्त गेला तर बिअर कडूजहर होते.

आता ही साल कुठली, ते ऐका. कॅरिबियन समुद्रात क्युरासाव नावाचं बेट आहे. पाऊस वर्षाला साधारण 550 मिलिमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याहूनही कमी. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तिथं आपल्या देशातली नारंगी लावली. कोरड्या हवेत आणि हलक्या जमिनीत झाडं जगली, पण फळ असं कडू निघालं की तोंडात धरवेना. बाग गेली म्हणून लोकांनी ती सोडून दिली. पुढं कोणाच्या तरी लक्षात आलं की फळ वाया गेलं तरी वाळलेल्या सालीला अप्रतिम वास आहे. 1634 पासून बेट डचांकडे होतं. डच व्यापाऱ्यांनी ही साल युरोपात नेली. तिथं तिचं मद्यही झालं आणि ती बिअरमध्येही गेली. कृषी महाविद्यालयात आम्हाला कोरडवाहूच्या उत्पादनाचे आकडे खूप शिकवले, क्विंटलमागे किती आणि हेक्टरी किती. कोरड्या मुलखात वास वाढतो का, चव वाढते का, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं गाव आहे. तिथं ही पांढरी बिअर शतकानुशतकं होत होती. साधारण निम्मा कच्चा गहू, निम्मं मोड आणून वाळवलेलं बार्ली, धने आणि कडू नारंगीची साल. ही एल जातीची बिअर, म्हणजे उबदार हवेत आंबणारी. मग आली थंडीत आंबवलेली, स्वच्छ, सोनेरी लागर बिअर. ती मोठ्या कारखान्यातून स्वस्तात यायला लागली आणि गावच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. शेवटची भट्टी 1957 साली बंद पडली.

त्या भट्टीशेजारी पिएर सेलिस नावाचा दूधवाला राहायचा. पोरगा असताना तो तिथं हाताखाली काम करत असे. गावातली म्हातारी माणसं जुन्या बिअरची आठवण काढत, तेव्हा त्यानं 1966 साली पुन्हा भट्टी लावली. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, हाताला आठवत होतं तेवढं भांडवल. बिअर चालली, परदेशात गेली. 1985 साली भट्टीला आग लागली. विम्याचे पैसे पुरेनात. तेव्हा मोठी कंपनी, स्टेला आर्टवा, मदतीला आली. मदतीबरोबर भागीदारी आली, भागीदारीबरोबर हुकूम आले. खर्च कमी करा, चव सगळ्यांना रुचेल अशी करा. सेलिसला ते पटेना. तो आपला हिस्सा विकून अमेरिकेत टेक्सासला गेला आणि 1992 साली ऑस्टिन शहरात त्यानं तीच बिअर पुन्हा केली. कृती तीच, हात तोच. पण बाटलीवर हूगार्डन लिहिता येत नव्हतं. ते नाव मागे राहिलं होतं. नवी भट्टी चांगली चालली तेव्हा 1995 साली तिथंही मिलर नावाची मोठी कंपनी आत आली, आणि काही वर्षांत भट्टीला कुलूप लागलं. सेलिस 2011 साली वारला.

हूगार्डन गावाचं पुढं काय झालं? 2005 साली कंपनीनं, तिचं नाव तोवर इनबेव झालं होतं, जाहीर केलं की ही बिअर आता दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात करू. गावचं नाव बाटलीवर आणि गावात भट्टी नाही! कामगार आणि गावकरी रस्त्यावर आले. 2007 साली कंपनीनं निर्णय मागे घेतला. बिअर आजही त्याच गावात होते. मालक कंपनीच आहे, पण भट्टी गावात आहे. याला लहान गोष्ट म्हणणाऱ्यानं आपल्या तालुक्यात बंद पडलेली जिनिंग आणि सूतगिरणी एकदा जाऊन पाहावी.

संत्र्याचा वास आणायची दुसरी वाटही आहे, तिच्यात फळच नसतं. हॉपच्या काही वाणांच्या फुलांनाच लिंबू-पपनसाचा वास असतो. अमेरिकेत 1972 साली सरकारी संशोधनातून कॅस्केड नावाचा वाण आला. तो कोणीही शेतकरी लावू शकतो. कॅलिफोर्नियातल्या लहान भट्ट्यांनी त्यावर नाव काढलं आणि अशा हातच्या बिअरची लाट तिथून उठली. मग 2007-08 च्या सुमारास सिट्रा नावाचा वाण आला. वास आणखी दांडगा, पण वाण खासगी. परवाना असलेल्या शेतकऱ्यानंच लावायचा. दोन्ही पेले शेजारी ठेवून वास घेतला तर आम्ही सिट्राला जास्त गुण देऊ, उगाच खोटं का बोला? पण वेलीची मुळी शेजाऱ्याला देता येत नाही, हेही त्या पेल्यात आहे. दरवर्षी बीटीची पाकिटं विकत घेणाऱ्याला हे जास्त उलगडून सांगत नाही.

ज्वारीची बिअर होते का, असं मघाशी एका भावानं विचारलं. होते. आफ्रिकेत ती घरोघर होत आली आहे. नायजेरियानं 1988 साली बार्लीची आयात बंद केली तेव्हा मोठमोठ्या कारखान्यांनाही ज्वारीवर यावं लागलं, आणि बिअर काही बंद पडली नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून गहू-बार्ली न पचणाऱ्यांसाठी अमेरिकेतही ती करतात. ज्वारीला मोड आणायचे तर एकसारखा उगवणारा, पावसात काळा न पडलेला दाणा लागतो. काळी पडलेली ज्वारी व्यापारी मातीमोल भावानं घेतो, तशीच ती भट्टीलाही चालत नाही.

टेबलावर दोन पुड्या ठेवल्या आहेत. दोन्हीत नागपुरी संत्र्याची साल आहे. एकीतली उन्हात वाळवली, दुसरीतली सावलीत. नागपुरी साल क्युरासावच्या कडू नारंगीची नव्हे, तिचा वास गोडसर आणि मऊ. जाताना दोन्ही बोटांत चुरून हुंगा आणि कोणती कुठं वाळली ते आम्हाला सांगा. मायबहिणींनी आधी या, तुमचं नाक स्वयंपाकानं तयार झालेलं आहे.