घड्याळी तासाचे वेतन आणि बारमाही महागाई
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सातारा आणि सांगली हा मुळात एकच जिल्हा. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कारखानदारी आणि बहुजनांचे शिक्षण यांची गाठ या मुलखात लवकर पडली. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. मागोमाग कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला. या दोन्ही कारखान्यांचा माल विकत कर्मवीर भाऊराव पाटील गावोगाव हिंडले, आणि त्याच काळात, 1919 मध्ये, त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. हाताचे काम आणि पाटीवरचे अक्षर यांत उच्चनीच नाही, हा येथला वारसा आहे. त्या वारशाच्या कसोटीवर येथल्या व्यवसाय शिक्षकाचे वेतन तपासून पाहिले पाहिजे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिल्प निदेशक, तंत्रनिकेतनातील अधिव्याख्याता आणि कनिष्ठ महाविद्यालयातील व्यवसाय अभ्यासक्रमाचा शिक्षक ही मंडळी जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री घडवितात. परंतु या क्षेत्रात आज एकाच कामाला दोन न्याय आहेत. एक शिक्षक पूर्ण वेतनश्रेणीवर, तर त्याच कार्यशाळेतील दुसरा घड्याळी तासावर. दुसऱ्याला सुट्टीचे वेतन नाही, परीक्षेच्या काळात तास बंद झाले की मिळकत बंद, आणि पुढील वर्षी बोलावणे येईल याची शाश्वती नाही.

या भेदाचे मर्म महागाई भत्त्यात आहे. सिमल्याचे श्रम कार्यालय औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढते. त्याचे सध्याचे पायाभूत वर्ष 2016 आहे. त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलै या तारखांपासून वाढतो आणि राज्य सरकार मागाहून, बहुधा विलंबाने, तीच वाट धरते. घरभाड्याचाही विचार होतो. केंद्राच्या वर्गीकरणात सांगली 'वाय' गटात, तर सातारा 'झेड' गटात आहे. तासिकेचा दर मात्र कोणत्याही निर्देशांकाला बांधलेला नाही. शासन निर्णयाने एकदा ठरलेला आकडा पुढचा निर्णय निघेपर्यंत जागचा हलत नाही. किंमती दरसाल पाच टक्क्यांनी वाढल्या तर दहा वर्षांनंतर शंभर रुपयांची खरेदीशक्ती एकसष्ट रुपयांवर येते. सहा टक्क्यांनी वाढल्या तर बारा वर्षांत ती निम्मी होते. म्हणजे कोणीही वेतनकपातीच्या आदेशावर सही करीत नाही, तरी कपात दरवर्षी होते. कायम शिक्षकाचा पगार इतका कापला असता तर सरकारला विधिमंडळात उत्तर द्यावे लागले असते.

महागाई भत्ता ही कोणाची मेहेरबानी नव्हती. केंद्राप्रमाणे भत्ता मिळावा म्हणून राज्यातील कर्मचाऱ्यांनी 1977-78 मध्ये 54 दिवसांचा संप केला. तेव्हा मुख्यमंत्रिपदी सांगलीचे वसंतदादा पाटील होते. त्यांनीच 1983 मध्ये, पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. ग्रामीण मुलांना पैसे भरून परराज्यांत जावे लागते, हा त्यामागील युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. पण शासनाने वेतनाची जबाबदारी सोडली की संस्थेचे उत्पन्न म्हणजे विद्यार्थ्याचे शुल्क आणि मोठा खर्च म्हणजे शिक्षकाचा पगार, असे गणित उरते. शुल्क वाढविले तर शेतकऱ्याचा मुलगा बाहेर राहतो. पगार रोखला तर शिक्षक उपाशी राहतो. दोघांना एकमेकांच्या विरुद्ध उभे करणारी ही व्यवस्था आहे, आणि तिची लागण पुढे अनुदानित व सरकारी संस्थांनाही झाली. तेथे पदे रिक्त ठेवून तासिका वाटल्या जातात.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असे ठरविले. 2016 मध्ये पंजाबच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांना लागू केले, आणि 2025 मध्ये गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीतील किमान वेतन देण्याचा आदेश दिला. हे निर्णय मोलाचे आहेत. परंतु न्यायालयाची पायरी चढण्याइतके बळ एकट्या तासिका शिक्षकाजवळ नसते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो. जतच्या दुष्काळी गावात किंवा माणच्या माळावर शेतमजूर त्याहून कमी मिळवितो. मग पांढरपेशाची कड कशाला घ्यावयाची? उत्तर कार्यशाळेत मिळते. तेथे कानस धरायला शिकणारा मुलगा बहुधा त्याच शेतमजुराचा असतो. चांगला निदेशक कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या कारखान्यात निघून गेला, तर यंत्रावर आच्छादन पडते आणि मुलगा प्रमाणपत्र घेऊन पण कसब न घेता बाहेर पडतो. धनिकाचा मुलगा अन्यत्र शिकेल. याला दुसरे दार नाही.

म्हणून तीन मागण्या पुढे आल्या पाहिजेत. तासिकेचा दर निर्देशांकाला बांधावा. वेतन बारा महिन्यांचे असावे. मंजूर रिक्त पदे वेतनश्रेणीवर भरावीत. केंद्राने 2025 मध्ये आठवा वेतन आयोग नेमला आहे. त्याच्या शिफारशी येतील तेव्हा कायम शिक्षकांच्या संघटना हालचाल करतीलच. त्यांनी आपल्या मागणीपत्रात तासिका शिक्षकाला पहिल्या कलमात स्थान द्यावे, शेवटच्या नव्हे. ज्या दिवशी सगळेच शिक्षक तासावर येतील, त्या दिवशी भत्त्यासाठी संप करायला कायम कर्मचारीच उरणार नाही.