तिसरी जोडी जाळण्याआधी

मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो. निवृत्तीनंतर नोएडात राहतो. घरी बनवलेल्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमधला दोष कसा शोधायचा, ते आज सांगतो. माझं कुठे चुकलं, तेही सांगतो.

माझ्या अकरावीतल्या नातीने जानेवारीत सर्किट जोडलं. 24 व्होल्टचा सप्लाय, सुरुवातीला बीसी 547, मध्ये बीडी 139, शेवटी टीआयपी 41 आणि टीआयपी 42 ची जोडी. खोलीत हळू आवाजात छान वाजत होतं. मे महिन्यात गच्चीवर मोठ्या आवाजात लावलं, आणि वीस मिनिटांत आवाज फाटला, जोडी जळाली. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमधून नवी आणली. तीही गेली. मी तिला म्हणालो, "तुझं सोल्डरिंग कच्चं आहे." ती काही बोलली नाही, पण टेबलाशी यायची थांबली.

तिसरी जोडी आणली, तेव्हा मी थांबलो. टेहळणी न करता चाल करू नये, हे मी जन्मभर जवानांना शिकवलं. इथे मात्र न मोजता पार्ट बदलत होतो!

मग क्रमाने गेलो. स्पीकर काढला. मेनला 60 वॉटचा बल्ब सीरिजमध्ये लावला. तो क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. मग बल्ब काढला. दोन आउटपुट ट्रान्झिस्टरच्या मधल्या बिंदूवर 12 व्होल्ट, म्हणजे सप्लायच्या निम्मे. बरोबर. एमिटरच्या 0.47 ओहमच्या रेझिस्टरवर 10 मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण 21 मिलिअँपिअर करंट. तेही ठीक. सोल्डरिंगचा एकेक सांधा भिंगाखाली पाहिला. एकही कच्चा नव्हता.

मग हेअर ड्रायरने हीटसिंक तापवला. 10 चे 40 झाले, मग 70. ड्रायर बंद केला, तरी आकडा चढतच होता. लगेच सप्लाय तोडला. गार झाल्यावर फक्त बायसचे दोन डायोड तापवले, तर आकडा उतरला. दोष सापडला.

सिलिकॉन ट्रान्झिस्टरला बेस-एमिटरमध्ये साधारण 0.6 व्होल्ट लागतात, पण तापमान एक अंशाने वाढलं की ही गरज सुमारे 2 मिलिव्होल्टने घटते. डायोड गारच राहिले तर ते जुनंच व्होल्टेज देत राहतात. मग करंट वाढतो, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने पुन्हा करंट. शेवटी ट्रान्झिस्टर जातो. म्हणून हे डायोड हीटसिंकला चिकटलेले हवेत, म्हणजे तेही सोबत तापतात.

नातीने ते तिथेच लावले होते. बोर्ड नीटनेटका दिसावा म्हणून ते काढून दूर बसवले मी!

पायांवर स्लीव्ह चढवून डायोड पुन्हा हीटसिंकला लावले, हीटसिंकही मोठा घेतला. अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवल्यावर मोजलं, तर 13 मिलिव्होल्ट. मग नातीला हाक मारली. म्हटलं, "बाळा, चूक माझी होती." तिने आधी मीटर पाहिला, मग माझ्याकडे. म्हणाली, "आजोबा, गाणं लावा."

तेव्हा मंडळी, पार्ट बदलण्याआधी मोजा. आणि दुसऱ्याला बोल लावण्याआधीही मोजा. जय हिंद.