मापात पाप



इंडोनेशियातील पुष्कळ खेड्यांना पेट्रोल पंप दूर पडतो. मोटारसायकलवाला मग रस्त्याकडेच्या लहानशा दुकानाशी थांबतो. तेथे फळीवर पेट्रोलच्या बाटल्या मांडलेल्या असतात. काही ठिकाणी छोटे पंपही आले आहेत. सरकारी तेल कंपनीचे नाव ‘पेर्तामिना’. लोकांनी गमतीने या पंपांना नाव दिले ‘पेर्तामिनी’.

दुकानदार मोठ्या पंपावरून तेल आणतो व चढ्या भावाने विकतो. हा व्यवहार धर्माला धरून आहे काय? इस्लामी व्यापारशास्त्राचे उत्तर मला मोठे मार्मिक वाटते. त्या शास्त्राला नफ्याचे वावडे नाही. कुराणाने व्यापार हलाल ठरविला, व्याज हराम. वाहतुकीचे श्रम आहेत, जोखीम आहे. त्यांचा मोबदला दुकानदाराने जरूर घ्यावा. मात्र भाव आधी सांगावा आणि सौदा दोघांच्या राजीखुशीने व्हावा. भेसळ करू नये. टंचाईची वाट पाहत साठा दडपू नये. आणि माप? कुराणातील ८३ व्या सूरेचे नावच ‘अल-मुतफ्फिफीन’, म्हणजे मापात मारणारे!

भाव वाढवून घेतलेला पैसा गिऱ्हाइकाला दिसतो; पटले नाही तर तो पुढे जातो. मापातून काढलेला पैसा त्याला दिसत नाही. पहिला सौदा, दुसरी चोरी.

आमच्या हमालांना हे शिकवावे लागत नाही. गोणीत वजन जास्त आणि हिशेबात कमी, की त्यांची मजुरी बुडालीच.

परंतु सारा दोष दुकानदाराच्या माथी मारून चालणार नाही. त्या देशात १९८१ च्या कायद्याने व्यापाराची मापे तपासून घ्यावी लागतात, आणि २००१ च्या कायद्याने तेल विकायला परवाना लागतो. ज्याच्याजवळ परवाना नाही, तो आपले माप घेऊन सरकारी कचेरीची पायरी कोणत्या तोंडाने चढणार? जुन्या मुसलमानी शहरांत ‘मुहतसिब’ नावाचा अधिकारी स्वतः बाजारात जाऊन तराजू व मापे तपासत असे. आजच्या सरकारनेही त्या फळीपर्यंत चालत जावे. बाटलीवर लिटरची खूण असावी, शेजारी भाव लिहिलेला असावा. एवढे झाले, तर गिऱ्हाईक नागवले जाणार नाही, आणि कष्टाने पोट भरणाऱ्या दुकानदारालाही मान खाली घालावी लागणार नाही.